रुळांकाठचा मुलूख

जबलपूरच्या बड्या फुहाऱ्यावर संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास उभे राहिले, म्हणजे माणसाला आपल्या इच्छेने चालता येत नाही. गर्दी नेईल तिकडे जावे लागते. कापडाची दुकाने, बांगड्यांची दुकाने, सराफा, लग्नाच्या सामानाची दुकाने, आणि जवळच १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक म्हणून उभी असलेली कमानिया गेटची कमान. या गर्दीत हातात चिठ्ठी घेऊन हिंडणारा एक वयस्क मनुष्य आपणांस कधी दिसला असेल, तर तो मी असण्याचा संभव आहे. चिठ्ठीतील जिनसा अशा असतात: लाकडाचा भुसा, कपडे रंगवावयाचे हिरवे, पिवळे व तपकिरी रंग, बारीक तांब्याची तार, काथ्याची जुडी, पांढरे बारीक मणी, सरस, मोरचूद आणि अगदी बारीक दातांची एक फणी. दुकानदार पुड्या बांधता बांधता विचारतो, "दादा, बनेगा क्या इससे?" मी सांगतो, "जंगल." तो मान डोलावतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. लग्नाची आरास विकणाऱ्या माणसाला जगातील कोणत्याच गोष्टीचे नवल वाटत नसावे.

हे जंगल ज्या गाडीसाठी करावयाचे, ती गाडी आता नाही. जबलपूरकर तिला 'छोटी लाईन' म्हणत. शहराला रेल्वे तशी फार लवकर आली. अलाहाबादेकडून ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये येथे येऊन पोहोचला, मुंबईकडून जी. आय. पी. चा मार्ग येऊन मिळाला, आणि मार्च १८७० मध्ये मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे जबलपुरापाशी जोडली गेली. देशाच्या रेल्वेच्या इतिहासात जबलपूरचे नाव येते ते या सांध्यामुळे. परंतु त्या मोठ्या मार्गावरील प्रवासी जबलपुरात येई तो बहुधा पुढे जाण्यासाठी. शहराच्या दक्षिणेला पसरलेला सातपुड्याचा मुलूख त्यानंतरही तीस-पस्तीस वर्षे बैलगाडीवरच अवलंबून होता.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्यप्रांत होरपळून निघाला. त्यानंतरच्या वर्षांत बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियापासून उत्तरेकडे अडीच फुटी रूळ टाकावयास आरंभ केला. मार्ग बालाघाटवरून नैनपूरला आला, १९०५ च्या सुमारास जबलपूरच्या हाऊबाग स्थानकात येऊन थांबला. नैनपुरापासून एक फाटा छिंदवाड्याला गेला, एक १९०९ मध्ये मंडला फोर्टला. चारही दिशांना छोटे रूळ गेलेले नैनपूर हे त्या मुलखाचे मुंबईच होऊन बसले. धान्य, बांबू, सागवान, लाख, हिरडा, बालाघाटचे मँगनीज, आणि या साऱ्यांच्या जोडीला माणसे. मराठी माणसाला तर ही लाईन विशेष जवळची. जबलपुरात मराठी घरे आली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, सागरच्या मराठ्यांच्या आणि मागाहून नागपूरकर भोसल्यांच्या अमलात. पुढे १९५६ पर्यंत नागपूर हीच प्रांताची आणि नंतर राज्याची राजधानी होती. कचेरीचे काम, परीक्षा, सोयरीक, सारे विदर्भाकडे. हाऊबागला बसावे आणि ग्वारीघाटला नर्मदेला हात जोडून गोंदियाला उतरावे, हा कित्येक घराण्यांचा परिपाठ होता. गोंदियाकडचा भाग आधीच रुंद झाला होता. उरलेल्या जबलपूर-नैनपूर मार्गावरची छोटी गाडी १ ऑक्टोबर २०१५ पासून बंद झाली. आता त्या बाजूने रुंद मापाच्या गाड्या भरधाव जातात. हाऊबागला मात्र कोणतीच गाडी येत नाही.

या लाईनीची एक लहानशी प्रतिकृती करावी असे मनात आले, तेव्हा इतरांप्रमाणे मलाही प्रथम इंजिनाचाच मोह झाला. यात एक योगायोग मोठा सुखाचा आहे. जगात छोट्या प्रतिकृतींसाठी जे माप सर्वांत रूढ आहे त्याला 'एच-ओ' म्हणतात. त्यात खऱ्या वस्तूच्या ८७ मिलिमीटरांचा एक मिलिमीटर होतो. आपल्या रुंद मार्गाचे १६७६ मिलिमीटर त्या मापात सव्वाएकोणीस भरतात, आणि बाजारात मिळणारे रूळ असतात साडेसोळाचे, कारण ते युरोपच्या मार्गावरून बेतलेले. म्हणून भारतातील मोठ्या गाडीची प्रतिकृती करणाऱ्याला एक तर रूळ स्वतः घडवावे लागतात, नाही तर आपली गाडी जरा अशक्त दिसते हे मुकाट्याने सोसावे लागते. छोट्या लाईनीचे तसे नाही. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्यांना ८७ ने भागले की पावणेनऊ येतात, आणि नऊ मिलिमीटरांचे तयार रूळ कोठेही मिळतात. मोठ्या लाईनीच्या वाट्याला न आलेला हा मान गरीब फाट्याला मिळाला, याचे मला अजून कौतुक वाटते.

परंतु रूळ जुळले म्हणजे लाईन झाली, असे नव्हे. जबलपूर ते गोंदिया हे सुमारे २३० किलोमीटरांचे अंतर या मापातही अडीच किलोमीटरांहून अधिक भरते. माझी फळी साडेतीन मीटर लांब आहे. म्हणजे खऱ्या जमिनीचे जेमतेम तीनशे पाच मीटर. एवढ्या जागेत गाडी धावणार ती किती? फलाटावरून निघाली की दहा सेकंदांत फळीच्या टोकाशी. अशा वेळी पाहणाऱ्याची नजर गाडीवर थोडा वेळ आणि तिच्या भोवतीच्या जमिनीवर पुष्कळ वेळ राहते. मोठ्या जंक्शनची गोष्ट वेगळी. तेथे गाड्यांचीच गर्दी. दिवसातून मोजक्या गाड्या येणाऱ्या फाट्यावर स्टेशन म्हणजे एक झाड, एक विहीर, कौलारू दोन खोल्या आणि वाट पाहणारी माणसे. फाट्याचा जीव गाडीपेक्षा त्या देखाव्यात अधिक असतो.

'देखावा' हा शब्द मी मुद्दामच वापरतो. गणपतीपुढे आपण जो मांडतो तो देखावाच, आणि चैत्रगौरीपुढील आरास ही त्याचीच बहीण. पण या कलेचा खरा मराठी पूर्वज म्हणजे दिवाळीतला किल्ला. दगड, विटा, पोते, त्यावर चिखल, आणि त्या चिखलात पेरलेले अळीव किंवा मोहरी. चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. त्यात मापाची शिस्त मुळीच नसते. मावळा दरवाजापेक्षा उंच, आणि महाराज बुरुजाहून थोर. आणि तेच योग्य, कारण तो किल्ला भूगोलासाठी केलेला नसतो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६८ पासून आपल्या तटबंदीच्या शहरांच्या ज्या प्रतिकृती करविल्या, त्या याच्या अगदी उलट. लाकूड, कागद, रेशीम, वाळू यांनी केलेल्या त्या प्रतिकृतींत सहाशेस एक हे माप काटेकोर पाळलेले आहे, कारण त्यांवरून वेढ्याचा विचार करावयाचा होता. त्यांपैकी कित्येक पॅरिसला आजही पाहावयास मिळतात. एका टोकाला पोरांचा किल्ला आणि दुसऱ्या टोकाला राजाचा. रेल्वेचा देखावा करणारा या दोहोंच्या मध्ये कोठे तरी बसतो.

खेळण्यातील रेल्वे पुष्कळ जुनी. जर्मनीतील मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये ठरावीक मापाचे, एकमेकांस जोडता येणारे रूळ विकावयास आणले, तेव्हापासून तिला शिस्त आली. पण नंतर कित्येक वर्षे ती धावे सतरंजीवर किंवा उघड्या फळीवर. भोवती जमीन असावी, जमिनीला गाव असावे, गावाला स्वभाव असावा, हे सुचावयास विसाव्या शतकाचे चौथे दशक उजाडले. इंग्लंडात जॉन अहर्न या गृहस्थाने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडाशी 'मॅडर व्हॅली' नावाची एक काल्पनिक दरी उभी केली. तीत एका लहान फाट्याची गाडी होती. पण पाहणारे गाडीआधी गल्ल्या, गुत्ते आणि नदीकाठ पाहू लागले. लघुदेखावे कसे करावेत यावर त्याने १९५१ मध्ये पुस्तकही लिहिले.

दुसरा गृहस्थ रॉय इंग्लंड. आडनाव इंग्लंड आणि माणूस ऑस्ट्रेलियातला. तो १९२५ मध्ये विलायतेस आला आणि ऑक्सफर्डच्या दक्षिणेकडील खेड्यांच्या प्रेमात पडला. त्या खेड्यांची गवती छपरे, जुन्या भिंती त्याच्या डोळ्यांदेखत पालटू लागल्या. इमारती थांबविणे त्याच्या हाती नव्हते. मग त्याने घरे मोजावयास व टिपून ठेवावयास आरंभ केला, आणि एकेक घर फुटाला चार मिलिमीटर या मापात, कागदापुठ्ठ्याने करावयास घेतले. १९५४ मध्ये लाँग विटनहॅम या गावी त्याचे पेंडन संग्रहालय सुरू झाले. तेथील देखाव्यातले खोरे १९३० च्या आसपासचे आहे आणि तसेच राहणार आहे. अहर्नची काल्पनिक दरीही आज त्याच संग्रहालयात सुखरूप आहे.

आपल्याकडे पुण्यास कोथरूडला भाऊ जोशी यांनी केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. मी ते पाहिले आहे. दिवे मंदावतात, नगरात रात्र होते, खिडक्या उजळतात, आणि सोबतची मुले श्वास रोखून पाहतात. तेथील नगर कोणत्या एका ठिकाणचे नाही. ते अहर्नच्या वाटेने गेलेले आहे, आणि त्या वाटेचा आनंद मोठा आहे. माझ्या वाट्याला मात्र दुसरी वाट आली. कल्पनेतील गाव केव्हाही करता येते. ग्वारीघाटची बाजू आठवणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

आता थोडे कामाविषयी. डोंगर उभारणे सर्वांत सोपे, असे प्रत्येकाला वाटते. बांबूच्या कामट्या वाकवून खिळ्यांनी ठोकाव्या, त्यांवर जाळी, जाळीवर वर्तमानपत्राचे तुकडे खळीत बुडवून चार-पाच थर, वरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ हात. मी माझा पहिला डोंगर असाच केला. श्रावणात त्याला पांढरी बुरशी आली आणि भाद्रपदात झुरळांनी बोगदा काढला; माझ्या नकाशात बोगदा नव्हता. मग एका वृद्ध पुस्तकबांधणाऱ्याने सांगितले की खळीत चिमूटभर मोरचूद असल्यावाचून कागदाला हातच लावू नये. ही गोष्ट त्या धंद्यातील पोरांनाही ठाऊक असते. नालीदार पत्र्याचे छप्पर मला पुठ्ठ्याने कधी साधले नाही. त्याच्या नाल्या फार रुंद दिसतात. सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद बारीक फणीच्या दातांवर नखाने दाबला की हुबेहूब पत्रा होतो. तारेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या गुंड्या म्हणजे मणी. उंच वाळके गवत म्हणजे कातरलेला काथ्या.

झाडांच्या बाबतीत मापाचाच घोटाळा होतो. पंचवीस मीटर उंचीचा साग या मापात जवळजवळ एकोणतीस सेंटीमीटर होतो, आणि स्टेशनची इमारत होते पाच सेंटीमीटर. तसा साग खरोखर लावून पाहिला, तर पाहणारे म्हणतात, झाड चुकले. आपण जंगलात झाडांकडे खालून पाहतो, त्यांची उंची कधी मोजीत नाही. प्रतिकृतीकडे मात्र घारीच्या नजरेने वरून पाहतो. म्हणून सगळेच कारागीर झाडे निम्म्यावर आणतात. मीही आणली. मनाला थोडे खटकते. मागचा पडदा रंगविताना असेच काही उसने घ्यावे लागते. कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटरांनी नाटककंपन्यांसाठी पडदे रंगविले, त्या काळच्या रंगमंचाने शिकविलेली युक्ती अशी की दूरच्या डोंगरात निळा व राखी रंग मिसळीत जावा आणि रेघ पुसट करीत जावी. माझा सातपुडा फळीपासून चार बोटांवर आहे. दिसावयास मात्र तो सात कोसांवर दिसला पाहिजे.

या साऱ्याहून अवघड प्रश्न निराळाच होता. देखावा कोणत्या दिवसाचा? इंजिनाला वर्ष असले म्हणजे पुरते. गवताला महिना लागतो. पुष्कळ विचाराअंती मी मार्च १९५५ धरला, म्हणजे फाल्गुन. त्या एका निर्णयातून पुढचे बरेच काही ठरत गेले. बंगाल नागपूर रेल्वे तेव्हा उरली नव्हती. १९५२ पासून ती पूर्व रेल्वेत होती, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दक्षिण-पूर्व रेल्वे वेगळी व्हावयाची होती. म्हणून डब्यांवर लिहावयाचे ते 'पूर्व रेल्वे'चे. पाच महिन्यांनी ते चुकले असते. रुळांकाठचे दगड मैलांचे. चहाचा भाव आण्यांत.

जमिनीकडे वळलो तेव्हा कळले की इतिहास तेथे अधिक बारीक आहे. फाल्गुनात साग बहुतेक निष्पर्ण, पळस पेटलेला. पळसासाठी होळीचा भगवा रंग चालतो. मोहाची झाडे फुलावर येण्याच्या बेतात. फुले वेचता यावीत म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात. तेव्हा प्रत्येक मोहाखाली राखेचे काळे वर्तुळ हवे. जबलपूरभोवतीच्या हवेली भागात काळ्या जमिनीला उंच बांध घालून पावसाळाभर शेतात पाणी कोंडीत, आणि ते सोडून रब्बीचा गहू पेरीत. तेव्हा बांध ठळक आणि गहू पिवळा. आणि रुळांकाठी आज सर्रास दिसणारे पांढऱ्या फुलांचे गाजरगवत? ते एकही रोप माझ्या फळीवर असता कामा नये. भारतात त्याच्या प्रसाराची पहिली नोंद पुण्याची आणि ती १९५६ मध्ये छापली गेली. ते सर्वत्र पसरले त्यानंतर. सुबाभळीही तशाच मागाहून आलेल्या. मी केलेली तीन सुंदर सुबाभळीची झाडे उपटून टाकली तेव्हा घरात कोणाला कारण पटले नाही.

नर्मदेच्या बाबतीत तर डोळ्यांवरही विश्वास ठेवता येत नाही. पात्र रंगवून त्यावर व्हार्निशचे सात-आठ थर दिले की पाणी होते, तो भाग हस्तकौशल्याचा. पण पाणी किती, हे कोण सांगणार? ग्वारीघाटच्या वरच्या अंगाला बरगीचे धरण झाले आणि नदीचे उन्हाळी पाणी धरणाच्या हाती गेले. घाटावर उभे राहून आज जी नर्मदा दिसते, ती माझ्या फाल्गुनातली नव्हे. तेव्हाची वाळू कोठवर होती, कोणते खडक उघडे पडत, हे जुन्या छायाचित्रांतून शोधावे लागते, आणि छायाचित्र काढणाऱ्यांनी कॅमेरा रोखलेला असतो पुलावर किंवा गाडीवर.

इंजिनांच्या बाबतीत अशी तक्रार नाही. नागपूरला मोतीबागेत डिसेंबर २००२ पासून छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. इंजिने आहेत, डबे आहेत. फूटपट्टी लावून मोजावे. सरकारने लोखंड जपले हे उत्तमच केले. पण फलाटाच्या टोकाला कोणते झाड होते हे कोणत्या दप्तरात असणार? ग्वारीघाटच्या फलाटाविषयी मी दोन वृद्धांना विचारले. दोघेही त्या गाडीने वर्षानुवर्षे गेलेले. एकाने सांगितले, चिंच. तिच्या सावलीत आम्ही आकडे खात बसत असू. दुसऱ्याने तितक्याच ठामपणे सांगितले, कडुनिंब. चिंच स्टेशनाजवळ कोणी ठेवील काय? दोघांना एकत्र बसवून विचारले, तर संभाषण झाडावरून एका लग्नाच्या मानपानावर गेले आणि पुन्हा स्टेशनवर आलेच नाही. पुढच्या दिवाळीच्या आत त्यांतील एक गेले.

गुरंदीच्या जुन्या सामानाच्या बाजारात मी अधूनमधून जातो. घरे रिकामी होतात तेव्हा पेट्यांबरोबर कौटुंबिक छायाचित्रांचे आल्बमही तेथे येतात. मुंज करून परत निघालेली मंडळी, नवी नवरी, वळकट्या, फिरकीचा तांब्या, आणि मागे कोठे तरी, कोणाचेही लक्ष नसताना, रेल्वेचे कुंपण किंवा एखाद्या फांदीचा भाग. अशा तीन छायाचित्रांवरून मी पाणी भरण्याच्या हौदाचा आकार बसविला आहे. झाडाचे मात्र अजून जमलेले नाही.

फलाटाच्या टोकाशी फळीला मी एक भोक पाडून ठेवले आहे. दोन झाडे तयार आहेत, बारीक पानांची चिंच आणि कडुनिंब, दोन्ही पंधरा सेंटीमीटरांची. ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी १९५५ च्या अलीकडचे-पलीकडचे, ग्वारीघाटच्या फलाटावर काढलेले एखादे छायाचित्र असेल, तर त्यातील माणसांच्या खांद्यांवरून जरा मागे पाहावे, आणि तेथे काय दिसते ते मला कळवावे.